वाचक विचारतात : मॉडिफाय केलेली जुनी, छोटी मोटारसायकल घेताना

कोल्हापूरहून एक वाचक : १९९३ची यामाहा आरएक्स १०० विकायला आहे. मागची चेसीस कापून गोल वाकवलेल्या पाईपचा लूप लावलाय, एकाची सीट, क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या दोन नळ्यांवर वेगवेगळे बसणारे दोन तुकडे), कोन फिल्टर (एअर बॉक्सशिवाय उघडा बसणारा एअर फिल्टर). मालक म्हणतो, ‘इंजिन नवीन केलंय, फक्त चालवायची.’ टोकन देण्याआधी काय काय बघू?

उत्तर : इंजिन सर्वांत शेवटी बघा. आरएक्सचं इंजिन कितीही खराब असलं तरी बोअर, पिस्टन, क्रँक करून परत उभं राहतं. चुकीची कापलेली चेसीस आणि फसलेले कागद असे परत उभे राहत नाहीत. म्हणून ही गाडी गरज पडली तर पुन्हा मूळ रूपात आणता येईल का, हाच प्रश्न धरून सगळी तपासणी करा.

चेसीस नंबर हँडलच्या खालच्या पाईपवर असतो. तिथला रंग फार जाड वाटला तर थिनरच्या फडक्याने मालकासमोरच पुसून घ्या. अक्षरं एका ओळीत, सारख्या खोलीची हवीत. आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या रेघा किंवा एखाददुसरा अंक वेगळ्या वळणाचा दिसला तर गाडी तिथेच सोडा. कागद ठेवून पेन्सिलचा ठसा घ्या. नावावर करताना असाच ठसा द्यावा लागतो आणि तो नीट उमटत नसेल तर काम तिथेच अडतं. इंजिन नंबरही आरसीशी ताडून बघा. या गाड्यांवर आरएक्स १३५चा ब्लॉक किंवा अख्खं दुसरं इंजिन बसवलेलं सर्रास आढळतं.

मग लूप. कापलेल्या पाईपच्या आत दुसरा घट्ट पाईप घालून, बाहेरून भोकं पाडून त्यातून आणि सांध्याभोवती अशा दोन्ही ठिकाणी वेल्डिंग केलेलं असेल तर काम जाणकाराचं आहे. दोन पाईप नुसते तोंडाला तोंड लावून जोडले आणि दिसायला छान म्हणून वेल्डिंग घासून सपाट केलं, तर खरी ताकदच घासून टाकली. बाहेरून हे ओळखायचं तर सांध्यावरून लोहचुंबक फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे पुट्टी भरलेली आहे. वेल्डिंगच्या कडेला रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून उतरलेला गंजाचा ओघळ दिसला, तर ती चीर आहे असंच समजा. कापलंय कुठे हेही महत्त्वाचं. मागच्या शॉकॅबचा (शॉक ॲब्सॉर्बरचा) वरचा बोल्ट जिथे बसतो त्याच्या मागे कापलं असेल तर चालण्यासारखं. त्याच्या पुढे कापलं असेल किंवा बोल्टची जागाच सरकवली असेल तर आमचा सल्ला सरळ ‘नको’ असा आहे, कारण मागच्या चाकाचा सगळा भार त्याच जागेवर येतो.

सीट उचलून खाली टॉर्च मारा. सीटच्या पत्र्यावर किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला टायर घासून आलेला काळा, चकचकीत पट्टा दिसतोय का? लूप खाली घेतल्यामुळे खड्ड्यात शॉकॅब पूर्ण दबला की टायर वर आपटतो. टेल लॅम्पची वायर बहुतेक तिथूनच जाते आणि तिचं कव्हर सोललं की शॉर्ट होतं.

गाडी सरळ आहे का, ते दोरीने कळतं. मेन स्टँडवर लावून मागच्या टायरला वेढा घालत बारीक दोरी दोन्ही बाजूंनी पुढे ताणा. दोरी मागच्या टायरला पुढून आणि मागून, दोन्हीकडे टेकलेली हवी. पुढचं चाक सरळ धरून दोरी आणि पुढचा टायर यांच्यातलं अंतर डावी-उजवीकडे मोजा. मागचा टायर रुंद असल्याने अंतर राहणारच, पण ते दोन्हीकडे सारखं हवं. फरक आला तर आधी मागच्या चाकाच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना जुळवून पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) किंवा चेसीस वाकडी आहे.

क्लिप-ऑन हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. अंगठा टाकी आणि हँडलमध्ये चिमटला, तर गाडी वळवताना एक दिवस पाडणार. इंजिन चालू ठेवून हाच प्रयोग करा. वळवल्यावर रेसिंग (इंजिनचा वेग) वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. हेडलाइट मिणमिणला किंवा हॉर्न बसला तर हँडलजवळची वायर आतून तुटत आलीय.

आता इंजिन. थंड असताना यायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर पुन्हा थंड होईपर्यंत थांबा. कोन फिल्टर लावल्यावर हवा जास्त येते आणि मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) मोठा केलेला नसेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. ऑइल पंप काढून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत असतील तर ऑइलही कमी, दोन्ही एकदम. पिस्टन धरतो तो इथे. तिसऱ्या गिअरला थोडं अंतर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. चॉकलेटी रंग ठीक. पांढरट, कोरडा प्लग म्हणजे मिश्रण पातळ, काळा ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त.

रेसिंग आपोआप चढते आणि लवकर खाली येत नाही, असं झालं तर मॅग्नेट म्हणजे वीज तयार करणाऱ्या चाकाच्या बाजूचं क्रँक सील हवा घेत असण्याची शक्यता मोठी. भरपूर पांढरा धूर आणि गिअर ऑइलची पातळी कमी, हे दोन्ही एकत्र असेल तर क्लच बाजूचं सील गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल जाळतंय. मॅग्नेटचं कव्हर उघडून मॅग्नेट वर-खाली हलवून बघा. वर-खाली जराही खेळ नको. असला तर क्रँकचं बेअरिंग संपलं.

‘इंजिन नवीन’ म्हणजे नेमकं काय, ते बिलावरून ठरवा. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मि.मी.चा. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा मापांनी वाढत जातो आणि माप पिस्टनच्या माथ्यावर कोरलेलं असतं. १.००वर पोचलेला ब्लॉक पुढच्या वेळी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतलं नवं अस्तर) मागणार, तेवढी रक्कम आजच भावातून कमी करा. ऑइल पंप काढून टाकलाय का, हेही विचारा. काढला असेल तर प्रत्येक लिटर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल स्वतः मिसळावं लागेल : १:४०ला २५ मि.लि., १:२५ला ४० मि.लि. मालकाला प्रमाण सांगता आलं नाही तर पिस्टनची अवस्था वेगळी विचारायला नको.

आणि एक नक्की मागा : मूळ सीट, मडगार्ड, चेनकव्हर, एअर बॉक्स, सायलेन्सर. आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ एवढीच बनली. अस्सल सामान शोधणं दरवर्षी अवघड आणि महाग होतंय. मालक हे पोत्यात भरून देत असेल तर चार पैसे जास्त द्यायला आमची हरकत नाही.

पुण्याहून एक विद्यार्थी : मला आवडलेल्या कॅफे रेसरचा (जुन्या रेसिंग धाटणीच्या मॉडिफाय गाडीचा) रंग आरसीवर लाल आहे, गाडी काळी. सीट एकाची, सायलेन्सर बाहेरचा. नावावर होईल का? पोलिस पकडतील का?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावावर करणं हा कागदांचा भाग. विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ द्यायचा, घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३०. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चेसीसचा ठसा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा फॉर्म ३५. कोऱ्या फॉर्मवर मूळ मालकाची सही घेऊन गाडी तिसऱ्या-चौथ्या हातात फिरत असते. अशा वेळी आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस समोर आल्याशिवाय पैसे देऊ नका.

बदलांचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर पोलिसांच्या हाती सापडतो तो आजचा मालक, म्हणजे तुम्ही.

रंगबदलाची नोंद आरटीओत अर्ज करून आरसीवर घेता येते, ती विकणाऱ्याकडूनच करून घ्या. सायलेन्सर मूळचा लावा, यात तडजोड नको. आवाजाचा त्रास रस्त्यावर इतरांना होतो आणि पोलिस पहिला हात तिथेच घालतात.

खरी परीक्षा नूतनीकरणाच्या वेळी. खासगी दुचाकीची नोंदणी पहिली १५ वर्षं, पुढे दर ५ वर्षांनी. उदाहरणार्थ १९९३ची गाडी २००८, २०१३, २०१८, २०२३ अशी नूतनीकरण झालेली हवी आणि आरसीवर २०२८पर्यंतची मुदत दिसायला हवी. मध्ये खंड असेल तर विलंबशुल्क आणि पर्यावरण कर किती थकलाय ते आधी काढा. नूतनीकरणाला निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतो. आरसे, इंडिकेटर, मडगार्ड, मागच्यासाठी पकड आणि पायदान, मागच्या चाकाला साडीगार्ड हे सगळं लागतं. वरच्या उत्तरात पोत्यातलं सामान मागायला सांगितलं, ते यासाठीही. सांगाडा न कापता केवळ नट-बोल्टवर बदललेली गाडी दोन दिवसांत मूळ रूपात येते. कापलेली येत नाही.

विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

नाशिकहून एक वाचक : स्प्लेंडरचा स्क्रॅम्बलर (कच्च्या रस्त्याच्या धाटणीची मॉडिफाय गाडी) बघितलाय. मागे ४.००-१८ टायर, पुढे दुसऱ्या गाडीचा डिस्कवाला फोर्क. चालवून बघितला तर पिकअप नाही आणि चेनचा आवाज येतो. दुरुस्त होईल का?

उत्तर : जुन्या स्प्लेंडरला दोन्हीकडे २.७५-१८ टायर येतो आणि ९७ सीसीचं इंजिन त्याच हिशोबाचं आहे. ४.०० टायर जड आणि उंच, त्यामुळे गिअरिंग लांब होतं आणि पिकअप जातो. शिवाय मूळ अरुंद रिमवर तो टायर कडेने गोल होऊन बसतो, वळताना गाडी एकदम कलते. चेनचा आवाज बहुतेक टायरच्या कडेला चेन घासल्याचा. टायरच्या डाव्या भिंतीवर खरचटलेली रेघ शोधा. काहीजण जागा करायला चिमट्याच्या आतल्या बाजूला हातोडीने खळगा पाडतात. तो दिसला तर चिमटा बदलण्याचा खर्च धरा. ३.००-१८ वर आलात तर हे बहुतेक सगळं सुटतं.

फोर्कची भीती जास्त आहे. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा, एक हात कोनसेटवर (हँडल वळतं तिथल्या बेअरिंगवर) ठेवून. हाताला ‘टक’ जाणवलं तर एकतर कोनसेट सैल आहे किंवा दुसऱ्या गाडीच्या फोर्कचा दांडा वॉशर भरून बसवलाय. लेथवर नीट बुश करून बसवल्याचं बिल नसेल तर मूळ फोर्क लावून मिळत असेल तरच घ्या.

मागच्या ड्रमच्या ब्रेक प्लेटपासून चिमट्यापर्यंत एक पट्टी जाते. मॉडिफाय करताना ती काढून ठेवली जाते आणि परत लावताना बोल्ट सैल राहतो किंवा पिनच घालत नाहीत. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड ओढला जातो आणि चाक जाम होतं. दोन्ही टोकांचे बोल्ट आणि पिन डोळ्यांनी बघा.

चंदगडहून एक वाचक : गाडी बेळगावची, केए नंबर. तशीच चालवली तर?

उत्तर : दुसऱ्या राज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपर्यंतच चालवता येते. विकणाऱ्याकडून तिथल्या आरटीओची फॉर्म २८ एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) घ्या, मग इथे कर भरून नवीन नंबर. एनओसी निघेपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा. चोरीची नोंद, थकलेली चलनं आणि आरसीची स्थिती सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर आणि पोलिसांच्या संकेतस्थळांवर आधी बघा.

साताऱ्याहून एक वाचक : घेतलेली गाडी पाच-सात किलोमीटर जाऊन बंद पडते, थोडं थांबलं की सुरू होते. कार्बोरेटर दोनदा साफ केला.

उत्तर : पुढच्या वेळी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज होऊन लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. बनवून घेतलेल्या टाकीवर दुसरंच झाकण बसवल्यावर हे हमखास होतं.

तसं नसेल तर टाकी रिकामी करून आत टॉर्च मारा. गंज थांबवायला आत लावलेला थर पापुद्र्यांनी सुटत असेल, तर तेच तुकडे पेट्रोल कॉकच्या जाळीवर बसतात आणि थांबल्यावर खाली पडतात. म्हणून गाडी परत सुरू होते आणि दोष कार्बोरेटरचा वाटतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असे निकृष्ट थर आणि जुन्या रबरी नळ्या सैल करतं, शिवाय ओलावा ओढतं. जुना थर पूर्ण काढून टाकी आतून स्वच्छ करा, नळी इथेनॉल चालणारी घाला आणि कॉकनंतर एक छोटा पारदर्शक फिल्टर लावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका.