शेवटचा रकाना

चि. मुलीस,

तीन बाळंतिणींना ताप आला, तिघींच्या वेळी एकच सिस्टर होती, आणि रजिस्टरात तिचं नाव घालावं की नाही, या विचाराने तुला झोप नाही. ‘तिच्या पदरात दोन लहान मुलं आहेत,’ असं लिहितेस. कळतं गं मला. तरीही नाव लिही.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला १७८९ ते १७९२ बाळंतज्वराची साथ होती. अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टरने ७७ बायकांचा तक्ता केला. नाव, वय, राहायचं ठिकाण, जगली की गेली, आणि बाळंतपण कोणी केलं. जंतूंचा पत्ता नव्हता, ते वाढवून बघायची कल्चरची तपासणी नव्हती. त्या एका रकान्यावरून त्याने ओळखलं, की दोष हवेचा नाही; आजारी बाळंतिणीकडून आलेली सुईण किंवा डॉक्टरच रोग पुढच्या घरी नेतो. आपल्याही हातून अनेकींना लागण झाली, हे त्याने १७९५ च्या पुस्तकात छापलं. गाव खवळलं. तो आरमारात परतला आणि १७९९ मध्ये क्षयाने गेला.

पुढे १८४७ मध्ये व्हिएन्नाला झेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. त्यालाही वाट दिसली ती एका वॉर्डात डॉक्टर आणि दुसऱ्यात सुइणी बाळंतपणं करत, आणि डॉक्टरांच्या वॉर्डात जास्त बायका दगावत, म्हणून. कोणाचा हात लागला, ते लिही.

मीही लिहीत आले. एका रुग्णालयात माझ्याबरोबर डबा खायला कोणी बसेना. एक आया नोकरी सोडून गेली, तिची आठवण आजही टोचते. पण तिला घालवलं वरच्यांनी. मी लिहिलं म्हणूनच कळलं, की तिच्या ड्युटीला ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने उपकरणं निर्जंतुक करायचा डबा, बंद असायचा. नाव नसतं तर तो तसाच राहिला असता, आणि बायका तापाने फणफणत राहिल्या असत्या. मला माणुसकी नाही म्हणणाऱ्यांनी त्या बायकांच्या घरी जाऊन यावं!

आणि तू काय, सिस्टरला फासावर चढवते आहेस? तिच्या समोर बसून लिही. तिघींना तूही तपासलंस ना? मग तुझंही नाव घाल. रात्रपाळीला नळाला पाणी असतं का, हातमोजे पुरतात का, नाळ कापायची कात्री कोण उकळतं, सगळं बघ. हे बघितल्याशिवाय वर अहवाल पाठवू नकोस.

तिसरीचा ताप उतरला का? तिचं बाळ अंगावर पितंय का, तेही लिहिलं नाहीस. आज रात्री फोन कर.

— तुझी बाई