भाषणातला तो भाग काढू नकोस

इंदूर

अनेक आशीर्वाद.

महिला दिनाच्या भाषणाचा मसुदा वाचला. ट्रान्स लोकांबद्दलचा मजकूर गाळू का, असं विचारतेस. 'विषय बायकांचा, त्याला फाटे कशाला' असं मंडळातल्या काकूंचं म्हणणं. गाळू नकोस. कमीच करायचं तर सावित्रीबाईंचा परिचय कमी कर, तो सगळ्यांना पाठ आहे.

सुरुवात आपल्या मध्य प्रदेशातूनच कर. शबनम मौसी या ट्रान्स बाई सोहागपूरहून आमदार झाल्या. कटनीत त्यांच्यासारख्याच कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या, पण न्यायालयात त्यांची निवड रद्द झाली. पद स्त्रीसाठी राखीव होतं आणि कायद्याच्या लेखी त्या पुरुष ठरल्या. मग 2019 चा कायदा आला. त्यात ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला तेव्हा किमान दहा वर्षं होती. खुर्ची मागितली तरी बाई नाही आणि अब्रू लुटली तरी बाई नाही!

मुलानं पँट सोडून साडी नेसली की घराचं नाक कापलं जातं, मुलीनं पँट घातली तर फार तर कुरकुर होते. हा फरक का पडतो? बाईची पायरी मुळातच खालची धरलेली असते, म्हणून.

आता कट्टर उजव्यांकडे ये. बर्लिनमधली डॉ. हिर्शफेल्ड यांची, ट्रान्स लोकांनाही आधार देणारी लैंगिकताविषयक संस्था नाझींनी 6 मे 1933 ला लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं जाळली. जूनमध्ये त्याच सरकारनं लग्नासाठी कर्ज जाहीर केलं. अट अशी की नवरीनं नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. हंगेरीचंही बघ. मे 2020 मध्ये तिथल्या संसदेनं बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा इस्तंबूल करार नाकारला आणि त्याच महिन्यात कागदोपत्री लिंग बदलण्याची वाट कायद्यानं बंद केली. हा योगायोग नव्हे. जिथे जन्मावरून कामं वाटायची असतात, तिथे जन्माची नोंद न मानणारा माणूस आधी खुपतो. जातीच्या देशात हे फोड करून सांगायची गरज पडू नये.

आणि 'खरी बाई कोण' ही तपासणी ट्रान्स लोकांपाशी थांबत नाही. धावपटू द्युती चंदला 2014 मध्ये हार्मोनच्या पातळीवरून स्पर्धेबाहेर ठेवलं, ती तर जन्मानं मुलगीच.

काकूंवर मात्र फॅसिस्ट म्हणून शिक्का मारू नकोस. बहुतेकींनी ट्रान्स माणूस फक्त सिग्नलवर किंवा बारशाला पाहिलेला असतो. सुधारणावाद्यांच्या घरातही बायका शेवटच्या पंगतीलाच जेवत होत्या, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

वेळ कमी पडला तर बर्लिन वगळ, कटनी ठेव. बायकांच्या स्वच्छतागृहाचं काय, हा प्रश्न हमखास येईल. तेव्हा शांतपणे विचार, दारावर कुणाची तपासणी करायची, कोण करणार, आणि तुमच्या केस बारीक कापलेल्या, उंच नातीला तिथे अडवलं तर?