वाचकांचे प्रश्न: ‘लेड झेपेलिन टू’ची ‘आरएल’ प्रत ओळखायची कशी?

प्रश्न: माझ्याकडच्या ‘लेड झेपेलिन टू’ या रॉक अल्बमच्या अमेरिकी रेकॉर्डवर हिरवं-नारिंगी अटलांटिक लेबल आणि ‘१८४१ ब्रॉडवे’ हा पत्ता आहे. विकणाऱ्याने ती १९६९ची ‘हॉट मिक्स’, म्हणजे जास्त दणदणीत वाजणारी पहिली प्रत, म्हणून दिली. लेबलवर विसंबावं का?

उत्तर: नाही. हा पत्ता अटलांटिकच्या लेबलांवर १९७०च्या दशकातही काही वर्षं छापला जात होता. त्यामुळे पहिल्या खेपेची प्रत आणि नंतर नव्याने कापलेली (म्हणजे मूळ तबकडीत आवाजाच्या खाचा पुन्हा कोरून बनवलेली) प्रत, दोन्हींवर तो सापडतो. कव्हरवरचा एसडी ८२३६ हा क्रमांकही दोन्हींवर तोच असतो.

खरी खूण असते शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत उरलेल्या गुळगुळीत पट्ट्यात, म्हणजे डेडवॅक्समध्ये. तिथे एसटी-ए-६९ने सुरू होणाऱ्या मॅट्रिक्स क्रमांकाच्या आसपास हाताने कोरलेलं ‘आरएल’ आणि ‘एसएस’ शोधा. आरएल म्हणजे ही तबकडी कापणारे इंजिनिअर रॉबर्ट ऊर्फ बॉब लुडविग, एसएस म्हणजे त्यांचा तेव्हाचा स्टुडिओ, स्टर्लिंग साउंड. अक्षरं बारीक आणि पुसट असतात, समोरून उजेड मारला तर दिसत नाहीत. खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च रेकॉर्डच्या जवळजवळ समांतर आडवा धरा आणि रेकॉर्ड सावकाश फिरवा. दोन्ही बाजू तपासा, कारण प्रत्येक बाजूचा स्टँपर (रेकॉर्ड दाबायचा धातूचा साचा) वेगळा असतो. एका बाजूला आरएल आहे म्हणून दुसऱ्या बाजूलाही असेलच, असं नाही. लेबलवर क्रमांकापुढे छापलेली पीआर किंवा एमओ ही अक्षरं प्रेसवेल, मोनार्क अशा दाबणाऱ्या कारखान्यांची आहेत. कटिंग कोणी केलं ते त्यावरून कळत नाही.

‘हॉट मिक्स’ हा शब्द मात्र सोडून द्या. बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि ध्वनी-इंजिनिअर एडी क्रेमर यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेलं मिक्स सगळ्या प्रतींवर एकच आहे. फरक लॅकर, म्हणजे ती मूळ तबकडी, कापण्यात आहे. लुडविग यांनी ते दणदणीत पातळीवर कापलं, बासही भरपूर ठेवला. लुडविग यांनीच सांगितल्याप्रमाणे, अटलांटिकचे अहमेत एर्टेगुन यांच्या मुलीच्या स्वस्त प्लेअरवर पिन उडू लागली आणि कंपनीने पातळी उतरवून, दाबलेल्या आवाजात ते पुन्हा कापून घेतलं. दोष रेकॉर्डमध्ये नव्हता, प्लेअरमध्ये होता!

प्रश्न: दोन्ही बाजूंना आरएल असलेली प्रत मिळाली, पण माझ्या प्लेअरवर ‘होल लोटा लव्ह’मध्येच पिन उडते. रेकॉर्ड खराब आहे का?

उत्तर: आधी पिन कुठे उडते ते बघा. दर वेळी अगदी त्याच ठिकाणी आणि ‘टक्’ आवाज होऊन उडत असेल तर ओरखडा किंवा चिकटलेली घाण आहे. बास-ड्रमच्या ठोक्यांवर, कधी इथे तर कधी तिथे उडत असेल तर पिन धरणाऱ्या आर्मची जुळणी बिघडलेली आहे. मोठ्या बासला खाच आडवी खूप हेलकावे खाते, हलकी पिन तिच्यामागे जाऊ शकत नाही.

जुळणी या क्रमाने करा. प्लेअर स्पिरिट लेव्हलने सपाट करा. अँटिस्केट (आर्मची आत सरकण्याची ओढ तोलणारी सोय) शून्यावर ठेवून आर्म अधांतरी तरंगेल असं मागचं वजन फिरवा. मग काट्रिजच्या (पिन जिला जोडलेली असते त्या डबीच्या) कंपनीने पिनच्या वजनासाठी दिलेल्या मर्यादेतला वरचा भाग निवडा: १.८ ते २.२ ग्रॅम असेल तर २.० ते २.१. मागच्या वजनावरचे आकडे ढोबळ असतात, ०.०१ ग्रॅम दाखवणारा पिनकाटा वापरा. अँटिस्केट साधारण तेवढ्याच आकड्यावर आणा आणि शेवटी प्रोट्रॅक्टरवर (जुळणीच्या रेघा छापलेल्या पट्टीवर) पिनची जागा तपासा. तरीही उडत असेल तर पिनच झिजली असण्याची शक्यता मोठी.

हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या काट्रिज बसवलेल्या टोकावर, नाणं ठेवायचा जुना उपाय अजिबात करू नका. आणि पिन हलकी ठेवली की रेकॉर्ड वाचते हाही गैरसमज आहे: खाचेत आपटत चालणारी हलकी पिन नीट बसलेल्या दोन ग्रॅमच्या पिनपेक्षा भिंती जास्त खाते.

प्रश्न: त्याच गाण्यात शेवटाकडे गायक रॉबर्ट प्लांटची ओळ येण्याआधी तीच ओळ पुसटशी ऐकू येते. शेजारच्या खाचेतला आवाज झिरपतो आहे का?

उत्तर: शेजारच्या खाचेचा आवाज झिरपतो तेव्हा तो बरोबर एक फेरा आधी येतो, म्हणजे ३३⅓ गतीला १.८ सेकंद आधी. तुम्ही म्हणता तो आवाज मात्र मास्टर टेपवरच आहे. दुसऱ्या ट्रॅकवरचं गायन गळून आलं, ते काढता येईना म्हणून क्रेमर आणि पेज यांनी त्यावर रिव्हर्ब (घुमारा) चढवून ते मुद्दाम ठेवलं. सीडीवरही ते आहे. या कारणावरून रेकॉर्ड परत करू नका.

प्रश्न: दिसायला आरशासारखी चकचकीत आरएल प्रत घेतली, पण जोरदार जागी आवाज फाटतो. धुऊन जाईल का?

उत्तर: आधी धुऊन बघायला हरकत नाही, पण आशा फार ठेवू नका. एवढ्या जोरात कापलेल्या रेकॉर्ड त्या काळी चार-पाच ग्रॅम वजनाच्या सिरॅमिक काट्रिजवर वाजल्या. ती झीज डोळ्यांना दिसत नाही. घाणीचा आवाज चटचट असा सुटा येतो. झिजेचा आवाज झांजांना आणि ‘स’कारांना खरखरीत करतो, आणि लेबलकडे जाताना वाढत जातो, कारण आतल्या फेऱ्यांत तेवढाच आवाज कमी लांबीत कोंबलेला असतो.

धुण्याचं मिश्रण: ८५० मिली डिस्टिल्ड पाणी, १५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के) आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. लेबल ओलं होऊ न देता मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा. ही पायरी गाळली तर साबणाचा थर राहतो आणि पिनवर पांढरा गोळा जमतो. हे मिश्रण ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र लावू नका, अल्कोहोल लाख विरघळवतं.

धुऊनही फाटतच असेल तर बारीक टोकाची, मायक्रोलाइन प्रकारची पिन लावून बघा. ती खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, कधीकधी न झिजलेला भाग सापडतो.

पुढच्या वेळी घेण्यापूर्वी दोन जागा वाजवून मागा: ‘थँक यू’चा शेवट, जिथे ऑर्गन विरून पुन्हा उठतो, आणि ‘ब्रिंग इट ऑन होम’ची सुरुवात. चटचट तिथे लपत नाही. झीज तपासायला ‘ब्रिंग इट ऑन होम’चाच पुढचा दणक्याचा भाग ऐका.

प्रश्न: माझ्या ब्रिटिश प्रतीवर आरएल नाही. नकली आहे का?

उत्तर: ब्रिटिश प्रत (५८८१९८) तिकडेच वेगळी कापली गेली, तिथे आरएल शोधू नका. जांभळट-लाल लेबल आणि दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्याच्या नावात ‘मेड’ऐवजी ‘रेक’ असेल तर प्रत सुरुवातीची आहे.

प्रश्न: जुनी प्रत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, आता रेकॉर्डवर दुधी ढग आला आहे.

उत्तर: पिशवी पीव्हीसीची असणार. तिच्यातला मऊ करणारा पदार्थ रेकॉर्डवर उतरतो. नुसता वरचा थर असेल तर धुऊन थोडा कमी होईल, पण पृष्ठभागात मुरला असेल तर सूं असा आवाज कायमचा राहतो. बाहेरून पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन, आतून पॉलिएथिलीनचं अस्तर असलेली पिशवी वापरा.

प्रश्न: फक्त ऐकण्यासाठी घ्यायची तर आरएलच हवी का?

उत्तर: झिजलेल्या आरएलपेक्षा धडधाकट नवी प्रत केव्हाही घ्यावी. पेज यांनी रीमास्टर केलेली २०१४ची १८० ग्रॅमची आवृत्ती डिजिटल फाइलवरून कापलेली आहे, पण शांत आणि समतोल वाजते. बासचा तो दांडगेपणा तिच्यात नाही. अॅनालॉगच हवं असेल तर इंजिनिअर बर्नी ग्रंडमन यांनी क्लासिक रेकॉर्ड्स या कंपनीसाठी कापलेली प्रत शोधा. मात्र ती आता संग्राहकांच्याच हातात फिरते.