भाच्याचे लिथुआनियन हॉस्पिटलचे कागद इंग्लिशमध्ये करायचेत, गूगलवर भागेल का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. भाचा लिथुआनियात कौनसला मेडिकलला आहे, तिकडेच त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि आता इथले इन्शुरन्सवाले सगळे कागद इंग्लिशमध्ये मागतायत, तर गूगल ट्रान्सलेटने करून दिलं तर चालेल का. मी बरीच वर्षं हेच काम करते त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

स्वतःला समजून घ्यायला गूगल ठीक आहे, क्लेमला लावायला नाही. आणि लोक घाबरतात त्या लॅटिनवाल्या शब्दांना, तिथे खरं तर काही बिघडत नाही. 'उमिनिस अपेंडिसितास' बघून कोणीही ओळखेल, उमिनिस म्हणजे अक्यूट, झालं. ('लेतिनिस' असेल तर क्रॉनिक.) माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो डी आणि के या दोन अक्षरांवर, खोटं वाटेल पण खरंय.

डी आणि पुढे टिंब, म्हणजे 'देशिने', उजवी बाजू. आपला दक्षिण आणि हा एकाच कुळातले. पण तोच डी तारखेच्या आकड्यानंतर आला की 'दिएना', म्हणजे दिवस, आपला दिनच. के म्हणजे 'काइरे', डावी. पण औषधाच्या ओळीत '३ के/डी' असेल तर तिथे डावं-उजवं काही नाही, दिवसातून तीनदा घ्यायचं, कारण 'कार्तास' म्हणजे खेप, वेळा. आता तुमच्याच केसचं बघा. पेपरात बहुतेक असं असेल, दुखणं 'डी. क्लुबिनेये स्रितीये'. 'क्लुबास' म्हणजे कंबरेचा खुबा, पण लिथुआनियनमध्ये नाचगाण्याच्या क्लबलाही क्लुबासच म्हणतात 😄 मशीनला वाक्य तुटक मिळालं की ते काय करेल सांगता येत नाही. इंग्लिशमध्ये तिथे राइट इलियाक रीजन, म्हणजे पोटाचा उजवीकडचा खालचा भाग, असं यायला पाहिजे. आणि इंजेक्शनपुढे 'आय/आर' दिसलं तर ते 'इ राउमेनिस', स्नायूत, म्हणजे इंट्रामस्क्युलर. इंग्लिश वाचणारा त्याला इमिजिएट रिलीज, म्हणजे लगेच सुटणारं औषध, समजतो.

दुसरा प्रकार ओळखीचे चेहरे, म्हणजे ओळखीचे वाटतात पण अर्थ वेगळाच असतो असे शब्द. 'अंगिना' लिहिलं असेल तर हार्टचं काही नाही हो, तिकडे अंगिना म्हणजे घसा, टॉन्सिल सुजणं. छातीचा अँजायना असेल तर ते 'क्रुतिनेस अंगिना' लिहितात, क्रुतिने म्हणजे छाती. एका मुलाच्या जुन्या हिस्ट्रीत लहानपणी वारंवार अंगिना असं होतं, घरच्यांनी स्वतःच भाषांतर करून दिलं, आणि इन्शुरन्सवाल्यांनी हृदयाचा आजार लपवला म्हणून क्लेम अडकवला. नंतर मी परत करून दिलं, तिकडच्या डॉक्टरचं पत्र जोडलं, तेव्हा कुठे सुटलं. 'सीडी' दिसलं तर ती डायबिटीस, 'त्सुक्रिनिस दियाबेतास'चं शॉर्टफॉर्म, इकडे एखादा क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्यांचा आजार, समजून बसेल. 'इन्सुल्तास' म्हणजे स्ट्रोक. 'लिगोस इस्तोरिया' शब्दशः आजाराचा इतिहास, पण असतो तो केस पेपर, पुढचा नंबर हा रेकॉर्ड नंबर. 'एपिक्रिझे'ला डिस्चार्ज समरी म्हणा, एपिक्रायसिस लिहिलंत तर क्लेम डेस्कवरची मुलगी परत फोन करेल. 'रेअनिमासिया'त हलवलं म्हणजे आयसीयूत नेलं. पोट मऊ आणि 'नेस्काउस्मिंगास', इथे पेनलेस नाही, नॉन-टेंडर, म्हणजे दाबल्यावर न दुखणारं.

मराठी माणसाला एक सोय आहे मात्र. 'रांका' म्हणजे हात, अख्खा हात, खांद्यापासून बोटांपर्यंत. 'पिर्श्तास' म्हणजे बोट, हाताचं की पायाचं ते वेगळं सांगावं लागतं, अगदी आपल्यासारखं! इंग्लिशवाल्याला फिंगर की टो ते आधी ठरवावं लागतं, म्हणून मागचापुढचा मजकूर वाचल्याशिवाय लिहू नका. नावांचंही तेच. आपण पाटील म्हणतो आणि पाटलांना म्हणतो, तसं तिकडेही आडनावाला प्रत्यय लागतो, काझलाउस्कासला दिलेला दाखला 'काझलाउस्कुइ' असा येतो, आणि त्याची बायको काझलाउस्किएने. भाच्याच्या आडनावालाही कुठेतरी शेपूट लागलेलं असेल तर भाषांतरात पासपोर्टवरचंच स्पेलिंग ठेवा. औषधांची शेपटं मात्र कापायची, इबुप्रोफेनासचं इबुप्रोफेन.

आकडे बदलू नका, हे हात जोडून सांगते. तिकडे दशांशाला स्वल्पविराम असतो, ५,६ म्हणजे ५.६, तेवढं करा. पण हिमोग्लोबिन १३५ ग्रॅम प्रति लिटर असेल तर तसंच ठेवा, हवं तर खाली ट्रान्सलेटरची टीप म्हणून १३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर द्या. आजाराचा कोड असतो तोही जसाच्या तसा, अक्यूट अपेंडिसायटिसचा के३५ इथेही ओळखतात. फक्त लिथुआनियाने आयसीडी-१० ची, म्हणजे आजारांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीची, ऑस्ट्रेलियन आवृत्ती घेतलेली आहे, त्यामुळे टिंबाच्या पुढचे आकडे इथल्या यादीशी जुळले नाहीत तर घाबरू नका, चूक नाहीये ती.

महिन्यांची नावं डिक्शनरीत बघाच, जानेवारी-फेब्रुवारीसारखं काही नाही तिकडे. बालान्दिस म्हणजे एप्रिल, आणि कबुतरही तेच. गेगुझे मे, म्हणजे कोकिळा.

भाच्याला सांगा की एपिक्रिझेबरोबर 'ओपेरासियोस प्रोतोकोलास'सुद्धा मागून घे, ती ऑपरेशन नोट असते, क्लेमला बहुतेक मागतातच. मग मला कळवा की कागद टाइप केलेले आहेत की हाताने लिहिलेले, हाताने असतील तर डॉक्टरांकडून एकदा वाचून घ्यायला लागेल. आणि इथे फोटो टाकणार असाल तर वरचा ११ आकडी 'आस्मेन्स कोदास', म्हणजे तिकडचा ओळख क्रमांक, झाकून टाका, त्यात जन्मतारीख असते.