‘गो’ म्हणजे नेहमी जाणं नव्हे

प्रश्न : मुलीच्या इंग्रजीच्या धड्यात ‘शी वेंट ऑन टू बिकम अ डॉक्टर’ असं वाक्य आहे. ‘ती डॉक्टर व्हायला गेली’ असा अर्थ मी सांगितला. बाईंनी तो चूक दिला. का?
– एक पालक, सातारा

उत्तर : बाईंचं बरोबर आहे, पण तुमची अडचण मला चांगली ठाऊक आहे. तीस वर्षं नववीला इंग्रजी शिकवलं, दरवर्षी मुलं इथेच अडायची. ‘व्हायला गेली’ म्हटलं की झाली की नाही, ते कळत नाही. ‘वेंट ऑन टू बिकम’मध्ये ती झालीच. एक टप्पा मागे पडला, पुढचा गाठला. मराठीत त्याला ‘पुढे’ हा साधा शब्द पुरतो. नवव्या वर्षी लग्न झालेल्या आनंदीबाई जोशी पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. यातला ‘पुढे’ म्हणजेच तुमचं ‘वेंट ऑन टू’.

मात्र ‘शी वेंट ऑन टॉकिंग’ वेगळं. तिथे टप्पा बदलत नाही, ती बोलतच राहिली. मी फळ्यावर पहिल्यासाठी दोन ठिपके काढून मध्ये बाण ओढायची, दुसऱ्यासाठी फळ्याच्या कडेपर्यंत नुसती एक रेघ. मुलीला वहीत तसंच काढून दाखवा.