पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा का?

प्रश्न: तीन पानांचा खेळ मला येतो. त्यात सिक्वेन्स (लागोपाठच्या क्रमाची पाने) कलरपेक्षा (सगळी एकाच चिन्हाची पाने, जसे सगळी बदाम) मोठा असतो, मग पोकरमध्ये उलट का? आणि तो खेळ नेमका चालतो तरी कसा?

उत्तर: पोकरचे अनेक प्रकार आहेत, त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित असलेला टेक्सास होल्डेम आपण आधी शिकावा. त्यात वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोन खेळाडू पाने पाहण्यापूर्वीच ठरलेल्या चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) मधोमध टाकतात; त्यांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. मग प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. पुढे सर्वांसाठी म्हणून आधी तीन पाने उघडली जातात, तो फ्लॉप. नंतर चौथे, ते टर्न. आणि पाचवे, ते रिव्हर. पालथी पाने मिळाल्यावर आणि या प्रत्येक टप्प्यानंतर बोली होते. आपल्या पाळीला खेळाडू समोरच्याइतक्या चिप्स घालतो, बोली वाढवतो किंवा पाने टाकून देतो. त्या फेरीत आधी कोणी बोली लावलेली नसेल, तर त्याला नुसते ‘चेक’ म्हणता येते, म्हणजे चिप्स न घालता पाळी पुढे देता येते. अखेरीस उरलेल्यांपैकी ज्याची सातांतली उत्तम पाच पाने मोठी, त्याचा डाव. बाकी सर्वांनी आधीच पाने टाकली असतील, तर जिंकणाऱ्याला आपली पाने दाखवावीही लागत नाहीत, आणि बहकवण्याला वाव मिळतो तो इथेच.

आता आपला मूळ प्रश्न, जो मला फार मोलाचा वाटतो. जे दुर्मीळ, ते मोठे, एवढाच यामागचा नियम आहे. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांत कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. पाच पानांचे संच मात्र २५,९८,९६० होतात आणि त्यांत सिक्वेन्स १०,२००, तर कलर अवघे ५,१०८. पाने वाढली आणि पारडे फिरले.

हीच मोजदाद बोलीच्या वेळीही करावी लागते. समजा, आपल्या हाती बदामचा राजा आणि नव्वी आहे, तर फ्लॉपमध्ये बदामची सत्ती, बदामची दुर्री आणि किलवरचा गुलाम आला. कलरला एक बदाम कमी आहे. न दिसलेल्या ४७ पानांत बदाम ९ आहेत, म्हणजे पुढचेच पान बदाम निघण्याची शक्यता साधारण पाचात एक. मधोमध ८० चिप्स असताना समोरच्याने २० लावल्या, तर २० घालून १०० मिळण्याची संधी आहे, तेव्हा खेळत राहावे. त्याने ८० लावल्या, तर केवळ पुढच्या पानाच्या भरवशावर तेवढ्या घालणे महागात पडते. हाती राजा असला तरी पाने टाकावीत, आणि नवशिक्याला नेमके हेच सर्वांत जड जाते.