पोरगी माझी, पोस्ट जाऊबाईंची

प्रश्न : मी सोलापूरची, घरातूनच शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. निम्मं गिऱ्हाईक फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरनंच येतं, पुण्या-मुंबईला गेलेले आपलेच सोलापूरकर, त्यामुळे अकाउंट बंद कर म्हणणाऱ्यांचं काय जातंय. पण वैतागही तेवढाच आलाय. रात्री अकराला अनोळखी नंबरवरनं ‘हाय डिअर’, आणि त्यात आमच्या जाऊबाई! गड्ड्याच्या जत्रेला आम्ही सगळे होम मैदानावर, तर त्यांनी तिथनंच सगळ्यांना टॅग करून माझ्या नववीतल्या मुलीचा फोटो टाकला, खाली शाळेचं नाव पण. घराला कुलूप आहे हे अख्ख्या गल्लीला कळलं. बोलले तर म्हणतात ‘आपलीच माणसं हायत की’. आणि खरं सांगू का, दुसऱ्यांचे फोटो मीपण आवडीनं बघते, मग मी तक्रार कुठल्या तोंडानं करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : करा की, बिनधास्त करा. लोकांनी हौसेनं दाखवलेलं बघणं वेगळं आणि तुमची पोरगी तुम्हाला न विचारता दाखवणं वेगळं.

‘हाय डिअर’चं आधी उरकू. धंद्याला दुसरं सिम घ्या, त्यावर बिझनेस व्हॉट्सॲप टाका आणि ऑर्डरीसाठी तोच नंबर द्या. घरच्या नंबरचा प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीन फक्त कॉन्टॅक्टमधल्यांना दिसेल असं प्रायव्हसीत जाऊन करा, ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ते पण तिथंच आहे. कुणी जास्तच मागं लागला तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारींना वेगळी जागा आहे. १९३० हा नंबर पैशाच्या फसवणुकीचा, ऑर्डरीच्या नावाखाली क्यूआर कोड पाठवून गंडवणारे भेटतात, तेव्हा लागेल.

आता जाऊबाई. हे सेटिंगनं मिटणारं दुखणं नाही. टॅग आधी तुम्हाला विचारून मगच तुमच्या प्रोफाइलवर दिसावा अशी सोय फेसबुकवर आहे, जरूर चालू करा, पण त्यांच्या भिंतीवर फोटो राहतोच, आणि त्यांच्या लिस्टमध्ये कोणकोण आहे ते त्यांना तरी कुठं आठवतंय! २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण गाजलं, एका क्विझच्या ॲपमधनं फेसबुकवरच्या लोकांची माहिती ह्या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडं गेली होती. फेसबुकनंच ८.७ कोटी लोकांचा आकडा दिला होता, पण त्यातल्या बहुतेकांनी ते ॲप कधी उघडलंच नव्हतं, त्यांच्या फ्रेंडलिस्टमधल्या कुणीतरी परवानगी दिली आणि हे आपोआप सापडले. आपण कितीही जपून वागलो तरी दुसऱ्याच्या बोटानं आपलं उघडं पडतं, तिथं पण तेच आणि तुमच्या घरात पण तेच.

कायद्याचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच प्रायव्हसी हा मूलभूत हक्क म्हणून सांगितलंय, २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा पण झाला, पण एखाद्यानं घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्यातनं वगळलीय. म्हणजे जावेवर कायदा काढायला जाल तर हाती काही लागणार नाही, उलट पुढच्या दिवाळीला फराळाचं ताट फिरायचं बंद होईल.

त्यापेक्षा सरळ बोला, पण चारचौघांत नको आणि कॉमेंटमध्ये तर नकोच नको. फोटो घरी परत आल्यावर टाका, शाळेचं नाव काढा, एवढं दोनच मागा, ‘टाकूच नका’ म्हणाल तर त्या ऐकणार नाहीत आणि वर तुमच्याच नावानं बोंब. आणि मुलीला विचारलंत का? नववीतल्या पोरीला स्वतःचा कुठला फोटो कुठं जावा ह्याबद्दल चांगलं ठाम मत असतं, ती स्वतः ‘काकू, तो काढा ना’ म्हणाली तर तुमच्या दहा वेळा सांगण्यापेक्षा लवकर निघेल.

तरी पोस्ट टाकल्याशिवाय त्यांना करमतच नसेल तर चटणीचे फोटो द्या टाकायला, ऑर्डरी तरी वाढतील.